अनुचित प्रसंग

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संस्थेच्या विश्वस्त मंडळाची सभा भरे, आणि त्या दिवशी लेखनिकबाईंना कार्यालयात अर्धा तास लवकर जावे लागे. सात खुर्च्या पुसायच्या, पाण्याचे पेले मांडायचे, मागल्या सभेचे इतिवृत्त काढून ठेवायचे. सभेत कोण काय बोलले आणि काय ठरले, हे त्या एकतीस वर्षे वहीत उतरवून ठेवत आल्या होत्या. अक्षर छापल्यासारखे. संस्थेचे प्रमुख गुरुजी पाहुण्यांसमोर वही उघडून धरत आणि म्हणत, "आमच्या बाईंची वही बघा. शोधून खाडाखोड सापडायची नाही." बाई हसत. अलीकडे मात्र हसायचेसुद्धा काम वाटू लागले होते.

संस्था म्हणजे प्रार्थनागृह, त्यामागचा दवाखाना आणि मुलींची शाळा. गावातल्या निम्म्या घरांची चूल तिच्यावर पेटे. बाईंचा धाकटा भाऊ दवाखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. भावजय डॉक्टरांच्या कोटांना आणि खाटांवरच्या चादरींना घरी इस्त्री करून देई. त्यांची एकुलती एक लेक सातव्या महिन्यातच जन्मली, मुठीत मावेल एवढी, म्हणून तिला बारकी म्हणू लागले. आता ती तेवीस वर्षांची झाली होती, आईपेक्षा वीतभर उंच, तरी नाव बारकीच. दवाखान्याच्या भांडारात चादरी, उशा, पट्ट्या यांची देखभाल करायची नोकरी तिला मिळाली ती आत्याने शब्द टाकला म्हणून. लेखनिकबाईंनी लग्न केले नव्हते. त्या भावाच्याच घरात माडीवरच्या खोलीत राहत.

त्या मंगळवारी सकाळी भावजय इस्त्री करत होती आणि बाई उभ्या उभ्या चहा घेत होत्या. बारकी सहा दिवस कामावर गेली नव्हती. पोट बिघडलंय, एवढेच सांगत होती. ती येऊन दाराला टेकून उभी राहिली.

"आत्या, तुमच्या सभेत तक्रार द्यायची तर अर्ज कसा लिहितात?"

"कसली तक्रार?"

"भांडारप्रमुखांची."

"का गं, रागावले का? रागावतात ते सगळ्यांवर. मनाला लावून घेऊ नकोस."

बारकीने जमिनीकडे बघत, धडा म्हणून दाखवावा तसे सांगितले. सामानाच्या मोजणीचा दिवस होता. बाकीच्या बायकांना त्यांनी चहाला पाठवले. हिला म्हणाले, तू थांब, वरच्या फळीवरच्या गाद्या मोजायच्यात. आणि आतून कडी लावली.

"आणि आता," ती म्हणाली, "दिवस गेलेत."

जळका वास आला तेव्हा भावजयीला कळले की इस्त्री अजून कोटावरच आहे. तिने ती उचलून बाजूला ठेवली. कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता, आणि ती त्याच्यावरून बोट फिरवत राहिली, जणू तो पुसला जाणार होता.

भाऊ दुपारी पाळी संपवून आला. सगळे ऐकून घेतले आणि टोपी मांडीवर ठेवून पायरीवर बसला. मग त्याच्या तोंडून निघाले ते असे: "आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग गुरुजींना विचारू. ते सांगतील ते करू."

हा माणूस वाईट नव्हता. वीस वर्षे त्याने फाटक उघडले आणि मिटले, आणि फाटकाच्या आतले सगळे आपल्यापेक्षा शहाणे, हे त्याच्या अंगवळणी पडले होते. त्या दिवशी सकाळीसुद्धा त्याने भांडारप्रमुखांना सलाम केला होता. त्याला ठाऊक नव्हते म्हणा. पण ठाऊक झाल्यावर दुसऱ्या दिवशीही त्याचा हात कपाळाकडे गेलाच.

त्याच दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बारकीला तपासले. आठवा आठवडा होता. त्या आवाज खाली आणून बाईंना म्हणाल्या, "मोकळं करायचं काम मोठं नाही हो. पण इथे मंडळाच्या परवानगीशिवाय मला हात लावता येत नाही. नियम आहे. तुम्हीच तर लिहिलाय तो."

बाईंनी खरेच लिहिला होता. कोणत्या साली, तेही त्यांना आठवले.

त्याच संध्याकाळच्या सभेत त्यांनी बारकीचा तक्रारीचा आणि परवानगीचा अर्ज 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली ठेवला. गुरुजींनी वाचला, डोळे मिटले, आणि विशेष सभा बोलावू म्हणाले. पण मग ते प्रवचनांच्या दौऱ्यावर गेले. पोटातले दिवस काही दौरा संपायची वाट बघत नव्हते. विशेष सभा भरली तेव्हा दहावा आठवडा संपत आला होता.

सभेला भांडारप्रमुखही होते. पन्नाशीचा, गोरागोमटा, मऊ बोलणारा माणूस. सुटीच्या दिवशी व्यासपीठावरून प्रार्थना वाचायचा मान त्यांचा. ते खुर्चीवर बसले होते. बारकी उभी होती. तिला बस म्हणायचे कुणाला सुचले नाही. तिचा बाप दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता, आणि बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी पेन उघडून बसल्या होत्या.

"बाई, विषय तुमच्या घरचा आहे," गुरुजी म्हणाले, "पण लिहायचं तुम्हीच. तुमच्यावर आमचा विश्वास आहे."

मग प्रश्न सुरू झाले.

"ओरडलीस का?"

"ओरडले. चहूकडे गाद्यांच्या थप्प्या. बाहेर काय ऐकू जाणार?"

"दुसऱ्या दिवशी कामावर आली होतीस, असं हजेरीपटावर दिसतंय."

"आले होते. रजा शिल्लक नव्हती."

"इतके दिवस गप्प का बसलीस?"

"तुम्ही असेच प्रश्न विचाराल म्हणून."

एका विश्वस्तांना खोकला आला. भांडारप्रमुख उठले, त्यांनी हात जोडले, मान खाली घातली. "माझ्याकडून घडलं. नाकारत नाही. ती नको नको म्हणत होती, पण मोहाच्या भरात मला भान राहिलं नाही. देवापुढे रोज रडतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आणि काय सांगावे, सभेचा सगळा जीव त्या पाण्याकडे वळला. केवढा मोठेपणा, कबूल करतो आहे, असे एक जण शेजाऱ्याच्या कानात म्हणालेसुद्धा. बाईंनी ते वाक्यही टिपून घेतले.

गुरुजी बारकीकडे वळले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. कठोर असता तर बरे झाले असते. "पोरी, तुझं दुःख मला कळतं. पण जीव देणारा वर आहे. तुझ्या पोटातल्या जिवाचा काय दोष?"

"माझा काय दोष होता, ते आधी सांगा."

"दोष कुणी म्हणतंय का? पण एका पापावर दुसरं पाप रचायचं नसतं."

"पहिलं त्यांनी केलं. दुसरं माझ्या नावावर कसं?"

निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक विश्वस्त पुटपुटले, "पोरगी म्हणते त्यात तथ्य..." गुरुजींनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. मुख्याध्यापक पेला उचलून पाणी प्यायले, आणि त्यांचे तथ्य त्या पाण्याबरोबर खाली गेले.

निर्णय झाला. बारकीने संस्थेच्या मातृसदनात जाऊन राहायचे. मूल झाले की ते चांगल्या घरी द्यायचे. तिने क्षमा करायची आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही. भांडारप्रमुखांनी प्रायश्चित्त घ्यायचे, म्हणजे तीन महिने व्यासपीठावर चढायचे नाही.

"वडिलांचं काय म्हणणं?"

भावाने हात जोडले. "आपण म्हणाल तसं."

बारकीने वळून बापाकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर त्याला सोसला असता. ती अशी पाहत होती की जणू घराचा पत्ता चुकला आहे.

"लिहा बाई," गुरुजी सांगू लागले. "भांडार विभागात घडलेल्या अनुचित प्रसंगाबाबत सभेने विचारविनिमय करून..."

बाईंचा हात पुढचे शब्द आपोआप लिहून मोकळा झाला. गुरुजींचे बोलणे अजून संपायचे होते आणि कागदावर वाक्य पुरे झाले होते: उभयपक्षी समेट घडवून आणला. हाताला हे वाक्य पाठ होते. त्या लिहिलेल्या ओळीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कार्यालयातले कपाट उघडले. एकतीस वह्या होत्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. दुपारी चारपर्यंत त्या पाने उलटत होत्या, आणि तोवर 'अनुचित प्रसंग' हे दोन शब्द सतरा ठिकाणी सापडले होते. कुठे खाटांची साफसफाई करणारी बाई, कुठे शाळेतली शिपाईण, कुठे झाडलोटीला येणारी विधवा. बायका निरनिराळ्या, पुरुष निरनिराळे. वाक्य तेच, अक्षर तेच. सात जणींची रवानगी मातृसदनात झाली होती.

एका पानावर त्या थबकल्या. शाळेतली शिवणशिक्षिका. तिची नोंद होती, आणि तीनच पानांनंतर दुसरी: 'शिवणशिक्षिका यांच्या आकस्मिक निधनाबद्दल सभा दुखवटा व्यक्त करते.' आकस्मिक! परवानगी नाकारल्यावर ती कुठल्याशा बाईकडून काहीतरी आणून प्यायली होती. तिसऱ्या दिवशी गेली. सगळ्यांना ठाऊक होते. बाईंनाही. तरी त्यांनी आकस्मिक लिहिले होते, आणि 'निधन' शब्दाची वेलांटी किती सुरेख काढली होती.

त्यांना रडू आले नाही. रागही आला नाही. अंगात मुरलेला ताप असतो, माणूस हिंडतो फिरतो, आणि एके दिवशी कुणी कपाळाला हात लावून सांगते की अगं, तुला ताप आहे; तसे काहीसे झाले. त्या किती थकल्या होत्या हे त्यांना त्या दिवशी कळले. खोटे लिहायला कष्ट पडत नाहीत असे वाटते. पडतात. फक्त त्यांची मजुरी पुढे कधीतरी एकदम वसूल होते.

डबा न उघडताच त्यांनी पेन उघडले आणि विशेष सभेचे इतिवृत्त पक्के लिहायला घेतले. प्रत्येक प्रश्न जसा विचारला तसा. प्रत्येक उत्तर जसे दिले तसे. भांडारप्रमुखांचे 'ती नको नको म्हणत होती' हेही. आणि विषयाच्या जागी एकच शब्द लिहिला: बलात्कार. हा शब्द त्यांनी त्या वहीत पूर्वी कधी लिहिला नव्हता. मग इतिवृत्ताची एक खरी नक्कल केली, खाली सही केली, संस्थेचा शिक्का मारला. तो अधिकार त्यांचाच होता.

पुढल्या दिवशी गुरुजींनी वही वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"बाई, हा काय शब्द लिहिलात?"

"जे झालं ते लिहिलं."

"शब्दांनी संस्था मोडतात."

"संस्था कुठली मोडतेय, गुरुजी? एकतीस वर्षं धडधाकट आहे. माणसं मोडली. सतरा. काल मोजली मी."

गुरुजी थकल्यासारखे म्हणाले, "हे पान काढून टाका."

"पानांवर क्रमांक आहेत."

"मग खोडा."

"तुम्ही खोडा. पेन देते."

गुरुजींनी पेन घेतले नाही. "तुम्हाला वाटतं मला काहीच वाटत नाही?" ते म्हणाले. "मी जिवाचं रक्षण करतो."

"शिवणशिक्षिकाही जीवच होती," बाई म्हणाल्या, आणि वही कपाटात न ठेवता त्यांच्यापुढेच ठेवून बाहेर पडल्या.

घरी त्यांनी सांगितले: "उद्या सकाळच्या गाडीने सरकारी रुग्णालयात जायचं. तिथे संस्थेचा नियम चालत नाही."

भाऊ उठून उभा राहिला. "अक्का, नोकरी जाईल माझी. आणि गुरुजींचा शब्द मोडायचा? उद्या मेल्यावर वर काय तोंड दाखवू?"

बारकी चादरींच्या घड्या घालत होती. घडी हातात तशीच धरून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या माणसाला रोज सलाम ठोकता. उद्याही ठोका. मी अडवत नाही. फक्त तुम्ही मला अडवू नका."

भावजय तीन आठवड्यांत या विषयावर अवाक्षर बोलली नव्हती. तिने इस्त्रीची वायर भिंतीतून उपटली आणि ती इस्त्रीभोवती गुंडाळू लागली. "वन्सं," ती म्हणाली, "किती वाजता निघायचं? मी येते."

सरकारी रुग्णालयात गर्दी होती. बाकावर बसायला जागा मिळायला तास गेला, डॉक्टर भेटायला आणखी दोन. डॉक्टर मध्यमवयीन होत्या, त्यांच्याही डोळ्यांखाली काळे झाले होते. त्यांनी बारकीला तपासले, एकटीला आत घेऊन विचारले, आणि बाहेर येऊन फॉर्म पुढे केला.

"सही कर इथे."

बाईंनी लगबगीने पिशवीतून कागद काढले. "परवानगी नाही मिळाली हो आमच्याकडे. पण सभेत काय झालं त्याची ही नक्कल..."

"कुणाची परवानगी?"

"मंडळाची."

"कुठलं मंडळ?" डॉक्टरांना खरेच कळले नव्हते. "तेवीस वर्षांची आहे ना ती? तिची सही पुरते. कायदाच आहे तसा. पहिल्यापासून."

पहिल्यापासून. बाई बाकावर बसल्या. त्यांना हसू फुटले, आणि ते आवरेना, आणि शेजारची अनोळखी बाई त्यांना पाण्याची बाटली देऊ लागली. कुणालाच नको असलेल्या परवानगीपायी पोरीचे तीन आठवडे गेले होते. शिवणशिक्षिकेचा तर जीव गेला होता.

डॉक्टरांनी नक्कल उभ्यानेच वाचली. वाचता वाचता त्या खाली बसल्या. "हे त्यानं सात जणांपुढे कबूल केलंय?" त्यांनी बारकीला विचारले, "पोलिसात द्यायचंय का? तुला वाटलं तरच."

बारकीने आईकडे पाहिले, आत्याकडे पाहिले. मग कुणाकडेच न बघता म्हणाली, "द्यायचंय."

पुढचे सगळे छान झाले असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. बाईंना 'वयोमानानुसार विश्रांती' मिळाली. तेवढे शब्द लिहिणारा नवा लेखनिक तयारच होता. भावजयीकडे चादरी यायच्या थांबल्या. भांडारप्रमुखांना अटक झाली, जामीन झाला, आणि तारखा पडू लागल्या. गुरुजींनी न जन्मलेल्या लेकरांवर लागोपाठ तीन प्रवचने दिली. कुणाचे नाव घेतले नाही, पण ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप एका घराकडे वळल्या. दुकानात बायका बाईंना बघून भाव विचारायच्या थांबत. पोरीला आयुष्यभर टोचणी लागेल, असे कुणीतरी भावजयीच्या तोंडावर म्हणाले. तिने घरी येऊन ते सांगितले. बारकी म्हणाली, "मी मोकळी झाले त्या दिवशी मला दोन महिन्यांनी झोप लागली, आई. एवढंच सांग त्यांना."

तिला कपड्यांच्या दुकानात काम मिळाले. कधी ती बोले, कधी दोन दोन दिवस बोलत नसे. तिला कुणी बोलते करायला जात नसे.

भावाची नोकरी गेली नाही. तो फाटकावर जाई, येई, आणि मान खाली घालून जेवे. दोन महिने बहिणीशी बोलला नाही. एके दिवशी ताटावरून हात न उचलता म्हणाला, "अक्का, मी चुकलो का गं?"

त्याला काय सांगायचे ते बाईंना ठाऊक होते. पण सांगायचे बळ त्या दिवशी नव्हते. "जेव आधी," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी दुकानातून एक कोरी वही आणली. सतरा जणी मनात पाठ होत्या. पत्ते विचारत विचारत त्यांनी एक शोधून काढली: दवाखान्यात खाटांची साफसफाई करणारी, बावीस वर्षांपूर्वीची. ती आता गावाबाहेरच्या वस्तीत शिलाईचे काम करत होती. दार उघडले तेव्हा तिच्या गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचण्या.

"मी संस्थेची लेखनिक होते," बाई म्हणाल्या. "तुमची नोंद मी लिहिली होती. खोटी लिहिली. आता खरी लिहायची आहे. तुम्हाला नको असेल तर मी जाते."

त्या बाईने एकेक टाचणी ओठांतून काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. घाई केली नाही.

"आता? बावीस वर्षांनी?"

"हो. उशीर झालाय."

"मला मातृसदनात ठेवलं होतं. मुलगी झाली होती. कुठे दिली ते तुमच्या वहीत आहे?"

"नाही."

"बघितलंत नीट?"

"दोनदा बघितलं. नाही."

ती बाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाईंना वाटले, आता दार मिटणार. मिटले असते तरी त्यांना तक्रार करायची सोय नव्हती.

"मग आधी हे लिहा," ती म्हणाली. "लिहा की मी विचारलं होतं. रोज विचारत होते, सकाळ-संध्याकाळ, येईल जाईल त्याला. कुणी सांगितलं नाही."

बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या, वही गुडघ्यावर उघडली आणि लिहू लागल्या.